रविवारचं पान, सोमवारची रद्दी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रेडिओवर बोलायचं आहे, म्हणून रेडिओच्याच एका गोष्टीनं सुरुवात करतो. जुलै १९४५. न्यूयॉर्क शहरात वर्तमानपत्रं पोहोचवणाऱ्या कामगारांनी संप केला. पेपर छापून तयार, पण घरी आणून टाकायला माणूस नाही. पॅसिफिकमध्ये लढाई अजून चालू होती, मोठी माणसं युद्धाच्या बातम्यांसाठी पेपरच्या कचेरीबाहेर रांगा लावत होती. मुलांची पंचाईत वेगळीच होती. रविवारची कॉमिक्सची पुरवणी चुकली होती! तेव्हा शहराचे महापौर फिओरेलो ला गार्डिया पालिकेच्या रेडिओ केंद्रात जाऊन बसले आणि डिक ट्रेसी या गुप्तहेराची चित्रकथा त्यांनी मुलांना वाचून दाखवली. नुसती वाचली नाही, आवाज चढवून, हातवारे करून, कोण कुठे लपलंय ते समजावून सांगितली. त्या वाचनाची चित्रफीत आजही पाहायला मिळते.

गिरगावातल्या आमच्या चाळीत असेच एक ला गार्डिया होते. शेजारचे आजोबा. मजल्यावर ‘इलस्ट्रेटेड वीकली’ घेणारं घर त्यांचं एकट्याचं. १९६२-६३ च्या सुमाराची गोष्ट. रविवारी सकाळी चहा झाला की ते आम्हा पाच-सहा पोरांना गॅलरीत भोवती बसवत आणि फँटमचं पान मराठीतून सांगत. आम्हाला इंग्रजी येत नव्हतं. त्यामुळे फँटम मराठीच बोलतो आणि त्याच्या डायनाची आई आमच्या चाळीतल्या कोणासारखी तरी आहे, अशी माझी पुढे कितीतरी दिवस समजूत होती. पुढच्या आठवड्याचा अंक आला की मागच्या अंकातलं ते पान मला मिळे. आणि ते हातात आलं, की मी पहिली गोष्ट कुठली करत असेन, तर आईच्या शिवणाच्या डब्यातली कात्री काढत असे.

आज मी भाईंदरला राहतो. घरात जुन्या रविवार पानांचे काही गठ्ठे आहेत. लोक विचारतात, ही कसली आवड? तिकिटं जमवतात, नाणी जमवतात, रद्दी कोण जमवतं? त्याचं उत्तर जरा लांबलचक आहे, आणि त्या कात्रीपाशी त्याचं मूळ आहे.

आधी रविवारचं पान म्हणजे काय, ते सांगतो. अमेरिकेत १८९० च्या दशकात रंगीत छपाईची मोठी यंत्रं वर्तमानपत्रांकडे आली, आणि ती कशासाठी वापरायची हा प्रश्न रविवारच्या पुरवणीनं सोडवला. जोसेफ पुलित्झर यांच्या ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये रिचर्ड आउटकॉल्ट नावाचा चित्रकार गरीब वस्तीतल्या पोरांची चित्रं काढत असे. त्यातलं एक टकलं पोरगं पायघोळ पिवळ्या सदऱ्यात असायचं. १८९५-९६ मध्ये हा ‘पिवळा पोरगा’ इतका लोकप्रिय झाला, की पुलित्झर यांचे प्रतिस्पर्धी हर्स्ट यांनी आउटकॉल्टलाच आपल्या पेपरात ओढून नेलं. दोन मालकांच्या या ओढाताणीतूनच ‘पीत पत्रकारिता’ हा शब्द निघाला. आपण तो रोज वापरतो, पण त्याच्या मागे एका व्यंगचित्रातल्या मुलाचा सदरा आहे हे आपल्या गावीही नसतं.

पुढच्या चाळीस वर्षांत या पानांनी काय काय दिलं! १९०५ मध्ये विन्सर मॅके यांचा ‘लिटल निमो’ आला. रोज रात्री स्वप्नांच्या देशात जाणारा आणि शेवटच्या चौकटीत पलंगावरून खाली पडणारा मुलगा. वर्तमानपत्राच्या अख्ख्या पानावर, आज छापायला परवडणार नाहीत अशा रंगांत. १९३४ मध्ये फ्लॅश गॉर्डन, १९३७ मध्ये हॅल फॉस्टर यांचा प्रिन्स व्हॅलियंट. आणि आपल्या दृष्टीनं महत्त्वाचा, ली फॉक यांचा फँटम. तो रोजच्या पेपरात १९३६ मध्ये आला, त्याचं रविवारचं पान २८ मे १९३९ पासून सुरू झालं. रोजची गोष्ट वेगळी आणि रविवारची वेगळी, कारण पुष्कळ लोक रोजचा एक पेपर घेत आणि रविवारचा दुसराच.

आपल्याकडे तशी जाडजूड रंगीत कॉमिक्सची पुरवणी फारशी रुजली नाही. कागद महाग, रंगीत छपाई त्याहून महाग. पण पानं होती. ‘वीकली’नं फँटमला १९४० च्या दशकातच भारतात आणलं होतं. दिल्लीच्या ‘मिलाप’मध्ये १९६० साली प्राण यांचा ‘डाबू’ सुरू झाला, ते पुढे ‘चाचा चौधरी’चे जनक झाले. मराठीत १९६० च्या ऑगस्टमध्ये ‘मार्मिक’ निघालं, त्यातली ‘रविवारची जत्रा’ म्हणजे मधल्या पानांवर भरलेली व्यंगचित्रांची गर्दी. ती चित्रकथा नव्हे, तरी मी तिला याच कुळातली मानतो. रविवारी घरातली माणसं एकाच कागदावर वाकून हसतात, ही तिची खूण. मग मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ निघालं आणि फँटम मराठीत ‘वेताळ’ झाला. आणि २१ नोव्हेंबर १९९१ ला ‘सकाळ’मध्ये ‘चिंटू’ आला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा. चिंटूच्या पट्ट्या कापून वहीत चिकटवलेल्या किती घरांत मी पाहिल्या आहेत, मोजदाद नाही.

इंद्रजालबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण त्यातूनच मला मूळ पान पाहण्याची ओढ लागली. इंद्रजालमध्ये ज्या गोष्टी आपण वाचल्या त्या पुस्तकासाठी काढलेल्याच नव्हत्या. वर्तमानपत्रातल्या रोजच्या आणि रविवारच्या पट्ट्या घेऊन, चौकटी कापून, पुन्हा जुळवून त्या पुस्तकाच्या आकारात बसवलेल्या असत. नावंही बदलत. फँटमच्या देशाचं मूळ नाव बंगालच्या जवळ जाणारं होतं, त्याचं इथे ‘डेंकाली’ झालं. ‘सिंग’ चाच्यांचे ‘सिंगा’ झाले, रामा नावाच्या खलनायकाचा ‘रामालू’. हे समजण्यासारखं आहे, आपल्या वाचकाला खटकू नये म्हणून केलेलं. पण मोठेपणी एकदा मूळ रविवारचं पान आणि इंद्रजालमधली तीच गोष्ट शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा लक्षात आलं की ज्या चौकटीत चित्रकारानं रुंद जंगल काढलं होतं, तिथे पुस्तकात झाडाचा एक बुंधा उरला होता.

हे कापणं मूळ धंद्यातच होतं. अमेरिकेत एकच पट्टी शेकडो पेपरांना पुरवली जाई. कोणाला अख्खं पान हवं, कोणाला अर्धं, कोणाला एक तृतीयांश. म्हणून चित्रकार वरच्या ओळीत असा मजकूर घालत, की ती ओळ संपादकानं उडवली तरी गोष्ट अडू नये. दुसऱ्या महायुद्धात कागद टंचाई आली तेव्हा पानं आणखी आकसली, ती पुन्हा वाढली नाहीत. ‘कॅल्विन अँड हॉब्ज’चे बिल वॉटरसन याविरुद्ध भांडले. १९९२ पासून माझं रविवारचं अर्धं पान कापायचं नाही, घ्यायचं तर सगळं घ्या, अशी अट त्यांनी घातली आणि ती टिकवली. १९९५ च्या शेवटच्या दिवशी त्यांनी चित्रकथाच थांबवली. अशा पानाची न कापलेली प्रत हातात येते तेव्हा संग्राहकाला आनंद का होतो, ते आता कळेल.

तर माझी कात्री. मी फँटमच्या चौकटी बारीक कापत असे, पानाच्या कडा, वरची तारीख, खालचा मजकूर सगळं टाकून देत असे, आणि मैद्याची खळ करून वहीत चिकटवत असे. तीन वह्या भरल्या. त्या आज नाहीत. मैद्याच्या वासानं आधी झुरळं आली, मग कसर लागली. पण समजा त्या वह्या उरल्या असत्या तरी त्यांचं काय केलं असतं? तारीख नाही, पाठच्या बाजूला काय होतं माहीत नाही, चौकटींचा क्रम माझ्या मनाचा. अमेरिकी पट्ट्यांत बहुधा एखाद्या चौकटीच्या कोपऱ्यात महिना आणि दिवस बारीक अक्षरात लिहिलेला असतो. पण ती तिकडची तारीख. आपल्याकडे तेच पान कितीतरी नंतर छापलं जाई. ते इथे कधी वाचलं गेलं, हे फक्त पानाच्या माथ्यावरची तारीख सांगते, आणि मी तीच आधी कापली होती.

म्हणून माझा पहिला आणि खरं तर एकमेव आग्रह असा असतो, की कापू नका. पान अख्खं ठेवा. शक्य झालं तर पुरवणी अख्खी ठेवा. त्याच पानावर साबणाची जाहिरात असेल, शब्दकोडं असेल, कोणा आजीनं पेन्सिलीनं केलेला दुधाचा हिशेब असेल. असू द्या.

१९८६ साली गिरगाव सोडून आम्ही भाईंदरला आलो. त्या काळी बरेच लोक आले. नगरपरिषद नुकतीच झाली होती, महानगरपालिका व्हायला २००२ उजाडायचं होतं, आणि स्टेशनच्या आसपास मिठागरं दिसत. भाईंदर पूर्वेला स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचे छोटे-मोठे गाळे खूप. पॉलिश केलेल्या ताटावर ओरखडा उठू नये म्हणून दोन ताटांमध्ये वर्तमानपत्राचा कागद घालतात. १९९४ मध्ये माझ्या ओळखीच्या एका कारखानदार शेठनी घरी लग्नाची भांडी पाठवली. ताटं सुटी करताना मधून निघाला अमेरिकी पेपरचा रंगीत कागद. प्रिन्स व्हॅलियंटचं अर्धं पान! तेव्हा ते जॉन कलन मर्फी काढत असत. मी ताटं तशीच टाकली आणि कागद सरळ करत बसलो. बायको काय म्हणाली ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही.

उलगडा साधा होता. परदेशातली न खपलेली आणि वापरलेली वर्तमानपत्रं गठ्ठ्यांनी आपल्याकडे येतात. बहुतेकांचा कागद गिरणीत लगदा होतो, पण स्वच्छ, मोठे कागद पॅकिंगसाठीही विकले जातात. अशा गठ्ठ्यांत रविवारची पुरवणी आलीच. मी दुसऱ्या दिवशी गाळ्यावर गेलो. शेठ हसले, पण त्यांनी पॅकिंग करणाऱ्या मुलांना सांगितलं, की रंगीत चित्रांचे कागद काकांसाठी बाजूला ठेवा. त्या बदल्यात मी तेवढ्याच वजनाची आपली रद्दी नेऊन देत असे. पुढची सात-आठ वर्षं माझा संग्रह असा ताटा-वाट्यांच्या मधून वाढला. जुन्या काळची पानं मात्र विकत घ्यावी लागली. फाउंटनच्या फुटपाथवरचे बरेच स्टॉल पालिकेनं २००५ मध्ये उठवले, तोपर्यंत तिथे, नंतर माटुंग्याला, चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात.

आता कागदाबद्दल थोडं, कारण सगळी लढाई त्याच्याशी आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात अठराव्या शतकातले मोडी कागद रुमालांत बांधलेले आहेत. त्यांतले पुष्कळ आजही सहज उलटता येतात. आणि माझ्याकडचं १९५५ चं पान बोट लावलं तर कडेनं चुरा होतं. असं का? जुन्नरचा किंवा दौलताबादचा जुना कागद चिंध्यांच्या, तागाच्या तंतूंपासून हातानं बनत असे. वर्तमानपत्राचा कागद लाकडाचे ओंडके दगडावर घासून केलेल्या लगद्याचा. लाकडात लिग्निन नावाचा एक घटक असतो, तो झाडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवतो. चांगल्या कागदात तो रसायनांनी काढून टाकतात. वर्तमानपत्राच्या कागदात राहू देतात, कारण हा कागद स्वस्त हवा, आणि संध्याकाळपर्यंत टिकला तरी पुरे. पण उजेड आणि हवा लागली की लिग्निन पिवळं पडतं आणि कागदात आम्ल तयार होतं. ते आम्ल तंतू आतून तोडत जातं. पुस्तकात वर्तमानपत्राचं कात्रण ठेवलं, की काही वर्षांनी शेजारच्या दोन्ही पानांवर त्याच आकाराची तपकिरी सावली उमटते, हे तुम्ही पाहिलं असेल. ते हेच आम्ल.

भाईंदरमध्ये भर पडते खाडीची. हवा दमट आणि खारट. लोखंडी कपाट गंजतं, टाचण्या आणि स्टेपलच्या पिना गंजून कागदावर लाल भोकं पाडतात.

मी केलेल्या चुकाही सांगून टाकतो. फाटलेल्या पानांना मी सेलोटेप लावली. दहा वर्षांत टेप सुटून आली आणि तिचा डिंक कागदात मुरून तेलकट तपकिरी पट्टा राहिला, तो निघत नाही. सर्वांत आवडती अकरा पानं मी लॅमिनेट करून घेतली. दुकानदारानं छान गुळगुळीत करून दिली. आतलं आम्ल आतच कोंडलं, प्लास्टिक काढता येत नाही, आणि ती पानं आता डोळ्यांदेखत तपकिरी होत चालली आहेत. एका पानाला चौकट करून बैठकीत लावलं. तीन वर्षांत फँटमचा जांभळा पोशाख राखाडी झाला.

आणि २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आम्ही तळमजल्यावर राहत होतो. आम्ही सुखरूप राहिलो, ज्यांनी माणसं गमावली त्यांच्यापुढे कागदाचं दुःख सांगू नये. पण खालच्या फळीवरचे दोन गठ्ठे बुडाले. वीज नव्हती, ऊन नव्हतं. मी घाईघाईनं ओली पानं एकेक सुटी करायला गेलो आणि हातात लगदा आला. नंतर कागद-जतन करणाऱ्या एका जाणकार बाईंनी सांगितलं, की ओला गठ्ठा उघडायचाच नसतो. पाणी निथळू द्यायचं, जमेल तिथे टीपकागद सरकवायचा, पंख्याचा वारा द्यायचा. आणि गठ्ठा मोठा असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून चक्क डीप फ्रीजरमध्ये ठेवायचा. गोठलेल्या कागदाला बुरशी धरत नाही, मग सवडीनं थोडा थोडा वाळवता येतो. हे ऐकून मी घरातल्या फ्रीजकडे पाहिलं, आणि बायकोनं माझ्याकडे.

आता माझी पद्धत साधी आहे. पानं उभी नाहीत, आडवी ठेवतो, कमीत कमी घड्या घालून. दोन पानांच्या मध्ये चिंध्यांच्या लगद्याचा पांढरा हातकागद. तो आम्ल शोषत नसला तरी स्वतःचं आम्ल देत नाही. वर जाड पुठ्ठा, आणि सगळं धुतलेल्या सुती कापडात बांधून. पोथ्यांसारखी वेखंडाची पुरचुंडी बाजूला. डांबराच्या गोळ्या नाहीत, त्यांचा वास माणसालाच आधी पळवतो. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे आणि जमिनीपासून गुडघाभर वर. पावसाळ्यात गठ्ठा उघडायचा नाही, दिवाळीनंतर कोरड्या हवेत उघडून वारा द्यायचा, पण उन्हात नाही. प्रत्येक गठ्ठ्यावर पेन्सिलीनं तारीख, पेपरचं नाव, कुठे मिळालं ते.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? स्कॅन करा आणि मोकळे व्हा. स्कॅन मीही करून घेतो. पण अमेरिकेत काय झालं ते ऐका. तिथल्या मोठमोठ्या ग्रंथालयांनी विसाव्या शतकाच्या मध्यापासून वर्तमानपत्रांची मायक्रोफिल्म करून घेतली आणि मूळ बांधीव खंड काढून टाकले. जागा वाचली. पण फिल्म होती कृष्णधवल. रविवारची रंगीत पानं त्यात काळ्या-करड्या डागांची झाली. पिवळ्या पोराचा सदरा पिवळा राहिला नाही.

ही पानं आज रंगीत पाहायला मिळतात ती मुख्यतः काही हट्टी माणसांमुळे. बिल ब्लॅकबिअर्ड नावाचे एक गृहस्थ होते, सॅन फ्रान्सिस्कोचे. ग्रंथालयं टाकत असलेले खंड मागायला गेले तर उत्तर मिळे, खासगी माणसाला देता येत नाही. म्हणून १९६८ मध्ये त्यांनी एक ना-नफा संस्थाच काढली, आणि राहतं घर तिचं कार्यालय केलं. पुढची तीस वर्षं ते खंड गोळा करत राहिले. १९९७-९८ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठानं तो संग्रह घेतला तेव्हा त्याचं वजन सुमारे ७५ टन भरलं आणि न्यायला सहा मोठे ट्रेलर लागले. निकल्सन बेकर हे कादंबरीकार. १९९९ मध्ये ब्रिटिश लायब्ररीनं अमेरिकी वर्तमानपत्रांचे खंड विकायला काढले, तर यांनी स्वतःचे साठवलेले पैसे घालून ते घेतले. मग २००१ मध्ये ‘डबल फोल्ड’ हे पुस्तक लिहिलं. नाव एका चाचणीवरून आहे: पानाचा कोपरा एकदा इकडे, एकदा तिकडे दुमडायचा आणि किती वेळा दुमडल्यावर तुटतो ते मोजायचं, लवकर तुटला तर कागद मेला असं ठरवायचं. बेकर यांचा प्रश्न साधा होता. पान वाचताना कोपरे दुमडून कोण पाहतं? उलटायचं तर ते असतं, आणि ते ‘मेलेलं’ पानही सांभाळून उलटलं तर पुष्कळ वर्षं टिकतं. त्यांचा संग्रह २००४ मध्ये ड्यूक विद्यापीठाकडे गेला.

बेकर जरा एकांगी लिहितात असं मला वाटतं. ज्याच्याकडे चार हजार वाचक आणि दोन खोल्या आहेत त्या ग्रंथपालाची अडचण त्यांना दिसत नाही. मला ती दिसली आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या रद्दीवाल्याचा संध्याकाळी फोन आला, “काका, तुमच्या वेताळाचा माल आलाय, लवकर या.” एका वाचनालयानं जुन्या साप्ताहिकांचे बांधीव खंड काढले होते. वाचनालयाचं नाव घेत नाही. तिथल्या बाईंना वाईट वाटत होतं, हे मला नंतर कळलं. मी पोहोचलो तेव्हा दुकानाच्या फरशीवर पुठ्ठ्याच्या पाठा पडल्या होत्या. खंड वजनाला जड जातात आणि पुठ्ठ्याचा भाव वेगळा, म्हणून आधी सुरीनं पाठ कापून बांधणी मोडतात. सुटी पानं पुड्या करणाऱ्याकडे निम्मी गेली होती. उरलेल्यांतून रात्री साडेदहापर्यंत शोधून मी एकोणसाठ पानं काढली. १९५० च्या दशकातली ‘वीकली’ची. रद्दीवाल्यानं पैसे घ्यायला नकार दिला, मी जबरदस्तीनं दिले, कारण पुढच्या वेळी त्यानं अर्धा तास आधी फोन करावा असं मला वाटत होतं.

मला नेहमी विचारलं जातं, याची किंमत किती? फार नाही. अमेरिकेत १९०० च्या सुमाराच्या काही पानांना चांगले पैसे येतात, आपल्या पानांना घेणारे मोजके. माळ्यावरचा गठ्ठा विकून फ्लॅट घेण्याची आशा असेल तर ती सोडून द्या. पण माळ्यावर गठ्ठा आहे का, ते मात्र पाहा. जुन्या ट्रंकेच्या तळाशी, देवाच्या फोटोच्या मागे, कपाटाच्या खणात अंथरलेला कागद, आजीच्या पैठणीच्या घडीतला कागद. हीच पानं वाचलेली असतात, कारण ती कोणी वाचवली नाहीत, नुसती विसरली.

माझं वय आता सत्तरीपुढे. मुलगी पुण्यात, तिचा फ्लॅट माझ्या खोलीएवढा. तिनं मला स्पष्ट सांगितलं, “बाबा, मी तुमचे गठ्ठे ठेवेन, पण ते काय आहेत हे मला कळायला हवं.” तिचं बरोबर आहे. दोन-तीन ग्रंथालयांनाही विचारलं, तेही हेच म्हणाले: सूची आहे का? नव्हती. सगळी सूची माझ्या डोक्यात. म्हणून गेले वर्षभर रोज सकाळी तासभर मी एकेक गठ्ठा उघडून वहीत नोंद करतो. तारीख, पेपर, पानाचा आकार, किती चौकटी, काय फाटलंय. सहाशे वीस पानांची नोंद झाली, अजून निम्मी बाकी असावीत.

नोंद करताना एक गंमत कळली. फँटमची जी गोष्ट आजोबांनी आम्हाला पाच-सहा रविवार सांगितली होती, तिची दोन सोडून सगळी पानं माझ्याकडे आहेत. शेवटचं नाही. त्या रविवारी आजोबा गावी गेले होते. गोष्टीचा शेवट मी नंतर पुस्तकात वाचला आहे, त्यात काही राहिलेलं नाही. तरी ते पान मी शोधतो आहे.

स्टीलचा तो गाळा आता शेठचा मुलगा चालवतो. पॅकिंगला हल्ली बहुतेक फोमचे पातळ कागद येतात. पण मागच्या महिन्यात त्यानं एक पिशवी पाठवली, वर चिठ्ठी, “काका, गोडाऊन साफ करताना जुन्या मालातून निघालं.” आत बत्तीस पानं होती, ताटाच्या आकाराच्या गोल वळ्या पडलेली. ती अजून पुठ्ठ्याखाली दाबून ठेवली आहेत.